उकडे की सुरय?

सावंतवाडी-कुडाळकडे वाण्याच्या दुकानात नुसतं "तांदूळ द्या" म्हणून भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: उकडे की सुरय? उकडे म्हणजे भात तुसासकट भिजवून, उकडून, वाळवून मग गिरणीत घातलेले. रोजच्या जेवणाचे, पेजेचे. सुरय म्हणजे न उकडता भरडलेले. ते घावन-आंबोळीला, खिरीला आणि देवाला. घरात बारा महिने उकडेच शिजत असले, तरी पूजेचं ताट लावताना सुरयचा डबा वेगळा निघतो. उकड्याच्या अक्षता होत नाहीत. का, असं विचारलं तर घरातली जाणती बाई एका वाक्यात मिटवते: "तो एकदा शिजलो, देवाक कसो चलतलो?"

उत्तर चोख आहे, पण त्यात एक गंमत दडलेली आहे. अक्षत म्हणजे न मोडलेला. आणि गिरणीत सगळ्यांत कमी मोडतो तो नेमका उकडाच. उकडताना दाण्यातला पिष्ट फुलून एकजीव होतो, आतल्या चिरा बुजतात, वाळल्यावर दाणा काचेसारखा टणक होतो. सुरयच्या पोत्यात कणी हमखास सापडते, उकड्याच्या पोत्यात शोधावी लागते. म्हणजे शब्दाचा अर्थ धरला तर उकडा जिंकतो आणि रीत धरली तर सुरय. कोकणाने रीत धरली आहे. ते बरोबरच आहे असं मला वाटतं, पण त्यासाठी 'मोडणं' म्हणजे काय ते जरा बारकाईने पाहावं लागतं.

दाणा तुटतो गिरणीत, पण तुटायची तयारी खळ्यावरच झालेली असते. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात दसऱ्याच्या आसपास कापणीला येतं तेव्हा दाण्यात साधारण 20 ते 22 टक्के ओल असते. भरडायला ती 14 टक्क्यांच्या आसपास यावी लागते. ऑक्टोबरचं ऊन कडक. घाई करून पातळ थरात दिवसभर करकरीत वाळवलं आणि संध्याकाळी गोळा करायचं राहिलं, तर रात्रीचं दव किंवा परतीच्या पावसाची एखादी सर त्यावर पडते. कोरडा दाणा बाहेरून ओल ओढतो, बाहेरचा भाग फुगतो, गाभा तसाच राहतो, आणि तुसाच्या आत आडव्या चिरा जातात. वरून काही दिसत नाही. गिरणीत घातल्यावर दाणा बरोबर त्या चिरांवर तुटतो आणि दोष गिरणवाल्याच्या माथी बसतो. यावर इलाज म्हणजे थर चारपाच सेंटिमीटरचा ठेवायचा, तासातासाने पाय किंवा दाताळं फिरवायचं, भर दुपारी झाकायचं, दव पडायच्या आत ढीग करून वर ताडपत्री टाकायची. वाळलं की नाही हे पाहायला दाणा दाताखाली धरतात. 'कट्' आवाज करून तुटला तर झालं, दबला तर अजून एक ऊन. गिरणीचाही थोडा वाटा असतोच. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकाच घासणीत निघतो, त्यामुळे कणी जास्त पडते. रबरी रोलरचा शेलर तूस आधी अलगद सोलतो, मग पॉलिश वेगळं होतं. अक्षतांसाठी तांदूळ हवे असतील तर शेलरवरचे घ्यावेत, आणि पॉलिश कमी सांगावं.

निवडायचं काम मात्र हातानेच होतं. आधी चाळण, मग सूप. सुपात पाखडलं की कणी आणि कोंडा वेगळा होतो. तरी पाऊण लांबीचे दाणे राहतात. तांदळाच्या व्यवहारात पाऊण दाणा अख्ख्यातच धरतात, पूजेत धरत नाहीत. वाटीभर तांदूळ काळ्या किंवा गडद ताटात एका थरात पसरले की टोक तुटलेले दाणे लगेच नजरेत भरतात. पितळी ताटात ते लपतात. उरलेली कणी वाया जात नाही, तिची पेज होते.

आता रंग. एक वाटी तांदळाला, म्हणजे 200 ग्रॅमच्या आसपास, सपाट चमचाभर कुंकू आणि अर्धा चमचा तूप. तूप आधी तांदळाला हाताने चोळायचं, मग कुंकू थोडं थोडं भुरभुरवत बोटांच्या टोकांनी कालवायचं. मुठीत दाबून चोळलं तर टोकं तुटतात, आणि मग निवडण्याचे कष्ट फुकट. तुपाऐवजी पाणी वापरणारी घरं जास्त आहेत. पाणीही अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको, आणि नंतर कागदावर पसरून सावलीत पुरतं वाळवायला हवं. ओलसर अक्षता करंड्यात बंद केल्या तर भाद्रपद-आश्विनातल्या दमट हवेत दोनतीन दिवसांत वास येतो आणि दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. पाण्याचा दुसरा तोटा जास्त बारीक आहे. कोरड्या सुरय तांदळाला पाणी लागलं की काही मिनिटांत त्याला आडव्या चिरा जातात. भिजवलेला एक दाणा पुसून खिडकीशी उजेडाकडे धरा, पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. दाणा अख्खा दिसतो खरा, पण आतून क्षत झालेला असतो. तुपात हे होत नाही. मात्र तुपातल्या अक्षता महिनाभरात खवट होतात, म्हणून लागतील तेवढ्याच कराव्यात.

क्षत म्हणजे जखम. मूळ धातू क्षण्, इजा करणं, घायाळ करणं. जखमेला क्षत म्हणणं मराठीत आयुर्वेदाच्या पुस्तकांत उरलं आहे. नेपाळीत 'क्षति' हा बातम्यांतला रोजचा शब्द आहे: भूकंपाची क्षति, पुराची क्षति. अक्षय वेगळा. तो क्षि धातूपासून, झिजणं, कमी होणं. अक्षय्यतृतीयेचा आणि अक्षतांचा संबंध जोडणारे लेख दर वैशाखात फिरतात, त्यांत हे दोन धातू एकाच पोत्यात भरलेले असतात. जे संपत नाही ते अक्षय, ज्याला इजा झाली नाही ते अक्षत. मूठभर अक्षता सहज संपतात.

आणि इजा म्हणायची तर सगळ्यांत शुभ्र, सगळ्यांत अख्ख्या दाण्यालाही एक झालेलीच असते. पॉलिश केलेला कोणताही दाणा घेऊन टोकं पाहा. एका टोकाला छोटीशी खाच दिसेल. तिथे कोंब होता. कोंड्याबरोबर तो गिरणीत निघून जातो. तो गेलेला तांदूळ कितीही अख्खा असला तरी रुजत नाही. रुजणारा दाणा म्हणजे तुसातलं भात, किंवा सालीसकट जव.

जवाचं नाव इथे उगाच घेतलेलं नाही. जुन्या कोशांत आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत 'अक्षत' म्हणजे जवही होतात. अमरकोशात 'लाजाः पुंभूम्नि चाक्षताः' असं येतं, म्हणजे तिथे अक्षत लाह्यांच्या पंगतीला बसलेले आहेत, पुल्लिंगी आणि कायम अनेकवचनी. म्हणूनच पूजेत गुरुजी 'अक्षतान् समर्पयामि' म्हणतात. मराठीने त्यांना स्त्रीलिंगी करून टाकलं, अनेकवचन तेवढं ठेवलं. श्राद्धातही जवांची जुनी जागा शाबूत आहे. विश्वेदेवांना जव, पितरांना तीळ. भात पिकवणाऱ्या मुलखात जवाचं काम हळूहळू तांदळाकडे आलं, एवढंच.

नेपाळने मात्र दोन्ही ठेवले. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, आपली घटस्थापना असते त्याच दिवशी, तिथे दशैं, म्हणजे तिकडचा दसरा, सुरू होतो आणि घरोघर जमरा पेरतात. जमरा म्हणजे जवाचे पिवळे अंकुर. दशमीला तो टिक्याबरोबर, म्हणजे कपाळी लावायच्या दही-तांदळाबरोबर, डोक्यावर ठेवतात, कानामागे खोचतात. आपल्याकडेही घटाखालचं रुजवण दसऱ्याला देवाला वाहून टोपीत किंवा वेणीत खोवायची रीत आहे. फरक इतकाच की आपल्या रुजवणात सात किंवा नऊ धान्यं एकत्र असतात, आणि जमऱ्यात जव हा मुख्य.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत बोटींवर नेपाळी खलाशी पुष्कळ आहेत. पावसाळी मासेमारीबंदी उठली की ऑगस्टपासून ते इथे असतात. आंबाबागांत राखणीला येणारे बरेचसे तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, आटोपून उतरतात. त्यामुळे दशैं खाडीकाठच्या भाड्याच्या खोलीत करायचा प्रसंग बोटवाल्यांवर जास्त येतो. तिथे जमरा फसण्याची कारणं दोन. पहिलं, किराणा दुकानात 'जव' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सोललेलं, घासून गोल केलेलं असतं. त्याचा कोंब घासणीत गेलेला असतो. आठ दिवस पाणी घातलं तरी त्याला फक्त बुरशी येते. पूजासाहित्याच्या किंवा बियाण्याच्या दुकानातून सालीचे, टोकदार जव मागून घ्यावे लागतात. दुसरं कारण हवा. काठमांडूच्या थंड आश्विनात जे पाणी मानवतं ते इथे सडवतं.

इथल्या हवेसाठी रीत अशी. पाव किलो सालीचे जव रात्रभर, आठ ते दहा तास, भिजवायचे आणि निथळून घ्यायचे. पसरट टोपलीत किंवा मातीच्या थाळीत दोन बोटं माती आणि नदीची वाळू समसमान. समुद्राची वाळू नको, खारामुळे कोंब जळतात. जव एकावर एक चढणार नाहीत असे पसरायचे, वर अर्धा बोट माती. दाट पेरणी हा सगळ्यांचा मोह. खालचे दाणे गुदमरून सडतात आणि वास वरच्यांना लागतो. रोज एकदाच हाताने पाणी शिंपडायचं, थाळीला भोक नसेल तर त्याहून कमी. खोली अंधारी हवी. उजेड लागला तर पात हिरवी होते. अंधारात हरितद्रव्य बनत नाही, कोंब उजेड शोधत लांबच लांब वाढतो आणि फिकट सोनेरी राहतो. नवव्या दिवशी वीतभर झाला की झालं. आपल्या देवघरातलं रुजवण अर्धवट पिवळं, अर्धवट हिरवं दिसतं त्याचं कारण समईचा नव्हे, खिडकीचा उजेड.

याच अंकुरांना संस्कृतात जयन्ती म्हणतात. दशैंत स्त्रियांना टिका लावताना 'जयन्ती मङ्गला काली भद्रकाली कपालिनी' हा श्लोक म्हणतात, तोच आपल्याकडे नवरात्रात सप्तशतीच्या पाठाआधी अर्गलास्तोत्रात येतो. पुरुषांसाठी वेगळा: 'आयु द्रोणसुते श्रियं दशरथे शत्रुक्षयं राघवे'. अश्वत्थाम्याचं आयुष्य, दशरथाची श्री, रामाचा शत्रुनाश, अशी एकेकाची निवडक गोष्ट मागितलेली आहे. अश्वत्थाम्याकडून फक्त आयुष्य घेतलं, बाकी सगळं त्याच्याजवळच ठेवलं, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

टिका हा नेपाळी अक्षतांचा मोठा अवतार. बोलीत अक्षतेला 'अच्छेता' म्हणतात, नेवार भाषेत 'आखे'. आपल्या औक्षणात कुंकवाच्या बोटावर चारदोन दाणे चिकटतात आणि उठेपर्यंत निम्मे गळतात. दशैंचा टिका भुवयांच्या मधून वर कपाळभर बसतो, आणि प्रत्येक वडीलधारा त्यावर आपली चिमूट चढवतो. दशमीला पंचांग समितीने जाहीर केलेल्या साइतीला, म्हणजे मुहूर्ताला, सुरुवात होते आणि कोजागिरीपर्यंत पाच दिवस नात्यातल्या घरोघर जाऊन टिका घेणं चालतं. धाकटे थोरांकडे जातात, थोर धाकट्यांकडे नाही. घरात सुतक असेल तर टिका नाही. मगर समाजातल्या अनेक घरांत टिका लाल नसतो, पांढराच, नुसता दही-तांदळाचा. नेवार घरांत याच सणाला मोहनी म्हणतात आणि काजळीचा काळा टिकाही लावतात.

करायची रीत: एक वाटी तांदूळ धुऊन चाळणीत पंधरा मिनिटं निथळायचे. पाव वाटी दही कापडात बांधून तासभर टांगलेलं, चक्क्याच्या अलीकडचं. एक ते दीड चमचा अबीर. आधी दही आणि तांदूळ, मग रंग. दह्यात पाणी राहिलं तर टिका नाकावर ओघळतो. रंग जास्त झाला तर वाळल्यावर भुगा होऊन पडतो. काहीजण चिमूटभर साखर किंवा कुस्करलेलं केळं घालतात. त्याने चिकटतो छान, पण कोकणच्या उकाड्यात मुंग्या आणि माश्या दोन्ही येतात, म्हणून इथे ते टाळलेलं बरं. उकडे तांदूळ यालाही चालत नाहीत. इथे शिजण्याचा प्रश्नच नाही, गुळगुळीत टणक दाण्याला दही धरत नाही.

अबिराच्या बाबतीत दुकानात घोटाळा होतो. आपल्या पूजेच्या पुडीतला अबीर सुगंधी, पांढरट नाहीतर काळपट. नेपाळचा अबीर लालभडक, आपल्या गुलालाच्या जवळचा. रत्नागिरीत "अबीर द्या" म्हटलं तर दुसरंच काही हातात पडतं. कुंकू वापरावं तर त्यातही मेख आहे. हळदीला चुना लावून केलेलं कुंकू क्षाराने लाल झालेलं असतं. आंबट दह्यात पडलं की ते परत पिवळं पडतं. टाकणखार आणि लिंबाच्या रसात केलेलं कुंकू जास्त टिकतं. बाजारातलं स्वस्त कुंकू दोन्हीपैकी काहीच नसतं, ते रंगवलेलं पीठ असतं आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. शेंदूर मात्र कपाळी थापू नये. त्यात शिसं असतं.

तिहारातली भाईटिका वेगळी. तिथे सात रंगांची भुकटी असते, मखमलीच्या फुलांची माळ असते, आणि दारात अक्रोड फोडतात. कोकणात नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याची आठवण होते. पण अक्षतांचा तिथे फारसा संबंध नाही, म्हणून पुढे जातो.

पूजेत अक्षतांचं एक काम असं आहे की ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या बदली कामगार आहेत. षोडशोपचारांत वस्त्र नसेल तर 'वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि', दागिना नसेल तर 'आभरणार्थे', आसन नसेल तर 'आसनार्थे'. जे घरात नाही त्याच्या जागी चिमूटभर तांदूळ. गरीब घरातली पूजा यामुळे श्रीमंत घरातल्या पूजेइतकीच पूर्ण होते, आणि घाईतल्या पूजेलाही पळवाट मिळते. गणपतीच्या उत्तरपूजेत मूर्तीवर अक्षता टाकून मग ती किंचित हलवतात. आत आलेला देव त्या अक्षतांनी बाहेर निघतो. बोलावणंही अक्षतांनीच झालेलं असतं.

या बदली कामगाराला एक घर बंद आहे. 'नाक्षतैरर्चयेद्विष्णुं न तुलस्या गणाधिपम्' असं वचन आहे. विष्णूला अक्षता नाहीत, गणपतीला तुळस नाही. म्हणून शाळिग्रामावर तुळशीपत्र पडतं, लाल अक्षता पडत नाहीत. ज्या घरांत हे काटेकोर पाळतात तिथे सत्यनारायणाला गुरुजी अक्षतांच्या ठिकाणी तुळशीपत्र किंवा तीळ घ्यायला सांगतात. जिथे पाळत नाहीत तिथे कुणी भांडतही नाही. आणि हा शाळिग्राम येतो नेपाळमधूनच. मुस्ताङमध्ये, मुक्तिनाथाच्या बाजूने वाहणाऱ्या काली गण्डकीच्या पात्रात तो सापडतो. मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे 3,700 मीटरवर, आणि दगडातली चक्रं मात्र समुद्रातल्या प्राण्यांची, अमोनाइटांची. हिमालय उचलला जाण्याआधी तिथे समुद्र होता. कोकणातल्या देवघरात, लाटांच्या आवाजात, तो दगड पुन्हा समुद्रकाठी आलेला आहे. अक्षत म्हणावं असं त्याच्यात काही नाही. फुटलेल्या शाळिग्रामातच चक्र नीट दिसतं, आणि तो फुटका असला तरी पूज्यच मानतात. मूर्ती भंगली की विसर्जन, शाळिग्राम फुटला तरी चालतो. तांदळाला जो नियम तो दगडाला नाही.

तांदळाचा दाणा निकालही देतो. सिंधुदुर्गातल्या गावऱ्हाटीच्या, म्हणजे गावाने मिळून चालवायच्या रीतीच्या, देवळांत कौल लावतात. कुठे फुलांचे कळे, कुठे पानं, कुठे तांदूळ. गुरव दाणा किंवा कळा पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर ठरलेल्या जागी चिकटवतो, डावीकडे आणि उजवीकडे. मग गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांचं "व्हय म्हाराजा". उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार, हा ढोबळ हिशोब. जागांची नावं आणि त्यांचे अर्थ गावागणिक बदलतात, आणि ते गुरवाला आणि मानकऱ्यांनाच नीट ठाऊक असतात. बाहेरच्याने मोबाइलमध्ये पाहून अर्थ लावू नये. दाणा धरून ठेवतं ते त्याच्या आणि दगडाच्या मधलं पाणी. ते सुकत आलं की पकड सुटते. गाभाऱ्यात हवा कोरडी असेल तर कौल लवकर होतो, मृगाच्या पावसात दगडच पाझरत असतो तेव्हा तासन्‌तास होत नाही, आणि मंडळी "देव बोलना नाय" म्हणून बसून राहतात. हे कारण गुरवालाही माहीत असतं. तो दाणा लावण्याआधी पाषाण पुसून घेतो. पाणी का सुकतं ते कळलं म्हणून उजवा आधी की डावा हे कुणाला सांगता येत नाही, आणि देवळात आलेला माणूस विचारायला आलेला असतो तो दुसराच प्रश्न.

नेपाळच्या डोंगरात धामी-झाँक्री, म्हणजे तिकडचे भगत, अच्छेता हेरून जोखना पाहतात. थाळीत किंवा नाङ्लोत, म्हणजे सुपात, तांदूळ टाकायचे आणि दाणे कसे पडले, किती पडले यावरून आजाराचं, हरवलेल्या गुराचं, प्रवासाचं सांगायचं. देवाचा पाषाण नाही, गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणणारं गाव नाही. झाँक्री, रोगी आणि दाणे. कोकणातला कौल हा गावाचा असतो, जोखना घराचा. कौलानंतर निर्णय सगळ्यांवर बंधनकारक, जोखन्यानंतर दुसऱ्या झाँक्रीकडे जायला वाट मोकळी. तांदूळ तेच, पण त्यांच्या शब्दाला किती वजन ते बघणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरतं.

मराठीत 'अक्षत' एकवचनी झाली की ती निमंत्रण होते. लग्नाची पहिली अक्षत गणपतीला, मग कुलदैवताला, गावदेवीला, मग भाऊबंदांना. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, अक्षत अजून पायी जाते. ती दिली नाही म्हणून लग्नाला न गेलेले काका प्रत्येक वाडीत एक तरी सापडतील. आणि नकार द्यायचा तर वाटाण्याच्या अक्षता. वाटाणा कपाळाला टेकत नाही, गोल असतो, घरंगळतो. ज्याला काम करायचं नाही तोच त्या लावतो.

लग्नाच्या अक्षतांना हळद पुरते. एक किलो तांदळाला दोन चमचे हळद, तीन चमचे पाणी, सावलीत चार तास. माणशी 10 ग्रॅम धरले तर 500 माणसांना 5 किलो लागतात. हजार दाण्यांचं वजन 15 ते 20 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे प्रत्येकाच्या हातात पाचसहाशे दाणे येतात आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत चिमटीचिमटीने पुरतात. द्रोण भरून दिले की पहिल्याच 'सावधान'ला निम्मे उडतात, शेवटच्या कडव्याला लोक रिकामे हात हलवत उभे. रंगीत कुंकवाच्या अक्षता साड्यांवर डाग पाडतात, हळदीचा डाग उन्हात उतरतो. कार्यालयांत आता टाइल्सवर पाय घसरतो म्हणून अक्षतांना मनाई करतात आणि त्यांच्या जागी झेंडूच्या नाहीतर गुलाबाच्या पाकळ्या देतात. वस्त्राच्या, दागिन्याच्या, आसनाच्या जागी उभ्या राहणाऱ्या अक्षतांनाच बदली माणूस मिळाला म्हणायचा. फक्त ओल्या पाकळीवर पाय तांदळापेक्षा जास्त घसरतो. पटत नसेल तर कार्यालय झाडणाऱ्या मावशींना विचारावं.